तान्ह्या बाळाचे शरीर आणि पुढच्या वयातले वर्तन: संबंध कितपत आणि कसा?

सावकाश (धागाकर्ता)

फार रडणारे, लवकर न शमणारे तान्हे बाळ पुढे हट्टी, मारकुटे किंवा भित्रे निघते का, हा प्रश्न पालकांच्या बोलण्यात सतत येतो आणि त्याला दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक, ‘मूळ स्वभावच तसा’; दुसरे, ‘बाळ आहे, रडणारच, मोठे झाले की सुटेल’. बाळाच्या शरीरात त्या घडीला काय चालले आहे, याची दखल या दोन्ही उत्तरांत नसते. गेल्या तीन-चार दशकांत विकासमानसशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र यांच्या सीमेवर यासंबंधी बरेच काम झाले आहे. त्यातले मला उमजलेले इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी आणि जिथे पटणार नाही तिथे खोडून काढावे.

सुरुवात हृदयापासून करणे सोयीचे आहे. जागेपणी नवजात बाळाचे हृदय मिनिटाला साधारण १२० ते १६० वेळा ठोके देते, पण ते एकाच लयीत चालत नाही. श्वास आत घेताना ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात. हा हेलकावा मुख्यतः व्हेगस या मज्जातंतूमुळे होतो. मेंदूच्या बुडाशी उगम पावणारा हा तंतू हृदय, फुप्फुसे, जठर आणि आतड्यांपर्यंत पोहोचतो आणि हृदयाचा वेग काबूत ठेवतो. हेलकावा मोठा म्हणजे हा ताबा अधिक, असे ढोबळमानाने धरले जाते. मानसशास्त्रज्ञ स्टीफन पोर्जेस यांनी याला ब्रेक म्हटले. उतारावर सायकलचा ब्रेक सैल सोडला की वेग येतो आणि दाबला की सावरता येते. त्याचप्रमाणे एखाद्या गोष्टीकडे लक्ष द्यायची, धडपड करायची वेळ आली की बाळाचा व्हेगस आपला ताबा सैल करतो आणि काम झाल्यावर पुन्हा धरतो.

पोर्जेस आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात नेहमी उद्धृत होतो. सात ते नऊ महिन्यांच्या २४ बाळांची बेली विकासचाचणी घेताना त्यांच्या हृदयाचे ठोके नोंदवले गेले. या चाचणीत बाळापुढे ठोकळे, घंटा, कप अशा वस्तू एकामागून एक ठेवतात आणि ते कशाकडे पाहते, काय उचलते, किती वेळ टिकते हे टिपतात. म्हणजे बाळाच्या दृष्टीने ते बऱ्यापैकी मेहनतीचे काम असते. त्या काळात ज्या बाळांच्या हृदयातला श्वासाबरोबरचा हेलकावा पुरेसा कमी झाला नाही, त्यांच्याबाबत तिसऱ्या वर्षी वर्तनाच्या तक्रारी अधिक आढळल्या.

दुसरा धागा मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांचा. चार महिन्यांच्या बाळाला खुर्चीत टेकवून त्याच्यासमोर रंगीत झुलती खेळणी हलवायची, ध्वनिमुद्रित आवाज ऐकवायचे, नाकाखाली अल्कोहोलचा बोळा धरायचा आणि पाहायचे, एवढाच तो प्रयोग. साधारण एक पंचमांश बाळे हातपाय झाडतात, पाठीची कमान करतात आणि रडू लागतात. सुमारे ४० टक्के बाळे मात्र स्वस्थ पाहत राहतात. पहिल्या गटातली मुले पुढे अनोळखी माणसांसमोर बुजणारी निघण्याचे प्रमाण जास्त होते. मात्र प्रत्येक टप्प्यावर सातत्याने भित्री राहिलेली मुले त्या गटातही थोडीच होती, हा निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग सहसा कोणी सांगत नाही.

याच्या उलट टोकाला एड्रियन रेन आणि सहकाऱ्यांचा मॉरिशसमधला १९९७ चा अभ्यास आहे. तिथे १,७९५ मुलांची नाडी तिसऱ्या वर्षी मोजली होती आणि विश्रांतीच्या वेळी ती मंद असणाऱ्या मुलांत अकराव्या वर्षी आक्रमकता अधिक आढळली. तिसरे वर्ष म्हणजे तान्हेपण नव्हे, हे खरे. तरी शरीर फार चटकन पेटणे (म्हणजे उत्तेजित होणे) आणि फारच कमी पेटणे या दोन्ही टोकांना वेगवेगळ्या अडचणी असू शकतात, एवढे त्यावरून दिसते.

माझे मत असे झाले आहे की आपण चुकीच्या क्षणाकडे पाहतो. बाळ किती जोरात पेटून उठते याकडे सगळ्यांचे लक्ष असते, पण त्यानंतर ते कसे आणि कुणाच्या मदतीने निवते, यात पुढच्या वर्तनाचा अधिक अंदाज दडलेला असावा. नेथन फॉक्स यांच्या १९८९ च्या अभ्यासात हृदयाचा हेलकावा मोठा असलेली बाळे पाच महिन्यांची असताना अधिक तीव्र प्रतिक्रिया देणारी होती आणि तीच चौदाव्या महिन्यात माणसांत अधिक मोकळेपणाने मिसळत होती. रडणे हीच अडचण असती, तर असे व्हायला नको होते.

उलटतपासणी

मांडणी आवडली, पण काही ठिकाणी पाय जमिनीवर ठेवायला हवेत.

पहिला मुद्दा आकाराचा. २४ बाळांवरून काढलेला निष्कर्ष हा सुगावा असतो, पुरावा नव्हे. ग्रॅझियानो आणि डेरेफिंको यांनी २०१३ मध्ये अशा ४४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कामाच्या वेळी हेलकावा कमी होणे आणि वर्तनाच्या तक्रारी कमी असणे यांचा संबंध त्यातही दिसला, परंतु तो क्षीण होता. शिवाय या मोजणीवर श्वासाचा वेग, हालचाल, झोपेची वेळ, नुकतेच दूध प्यायले आहे की नाही अशा बारीकसारीक गोष्टींचा परिणाम होतो. व्हेगसवरून भावना आणि सामाजिक वर्तन समजावू पाहणाऱ्या पोर्जेस यांच्या व्यापक सिद्धांताच्या शारीरिक पायावर तर शरीरक्रियाशास्त्रज्ञांनीच कडक आक्षेप घेतले आहेत. बाळांच्या मोजण्या खऱ्या असल्या तरी त्यांचे स्पष्टीकरण तेच असले पाहिजे असे नाही.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. रडणे, झोप आणि दूध पिणे यांतील अडचणी आणि पुढचे वर्तन यांवर हेमी, वोल्के आणि श्नायडर यांचा २०११ चा आढावा आहे. २२ दीर्घकालीन अभ्यास आणि सुमारे १६,८०० मुले एवढा विदा त्यात आहे, आणि एकूण परिणामाचे माप ०.४१ निघाले. हा आकडा वाचून पालक घाबरतात, म्हणून त्याचा अर्थ उलगडून सांगतो. नेहमीचे घंटाकृती वितरण धरले, तर अडचणी असलेल्या आणि नसलेल्या बाळांचे दोन आलेख सुमारे ८४ टक्के एकमेकांवर पडतात. दोन्ही गटांतून यदृच्छया एकेक मूल उचलले, तर तान्हेपणी अडचण असलेल्या मुलाच्या तक्रारी जास्त निघण्याची शक्यता १०० पैकी साधारण ६१. काहीच संबंध नसता तर ती ५० असती. म्हणजे संबंध आहे, पण त्यावरून एखाद्या घरातल्या एखाद्या बाळाचे भविष्य वर्तवता येत नाही. त्याच आढाव्यात असेही दिसले की ज्या कुटुंबांवर आधीच अनेक ताण होते तिथे हा संबंध अधिक ठळक होता.

तिसरे, उत्तर कोण देते आहे ते पाहावे. ‘बाळ फार रडते’ हे आई सांगते आणि तीन वर्षांनी ‘मूल ऐकत नाही’ हेही आईच प्रश्नावलीत भरते. ती थकलेली किंवा नैराश्यात असेल, तर दोन्ही उत्तरांवर त्याची छाया पडते आणि आपल्याला बाळातला म्हणून दिसणारा धागा प्रत्यक्षात आईच्या अवस्थेचा असतो. यात आईला दोष नाही. उलट, मदत कुणाला हवी होती ते यातून कळते. चांगले अभ्यास म्हणूनच रडण्याची रोजनिशी, ध्वनिमुद्रण आणि शिक्षकांचे मत यांचा आधार घेतात.

आणि पालक आणि मूल यांच्यात जनुकेही समान असतातच, त्यामुळे दिसणारा संबंध वारशाचाही असू शकतो.

ऐलपैल

माझा प्रश्न थोडा घरगुती आहे, तरी विचारते. आमचा मोठा मुलगा तान्हेपणी रोज संध्याकाळी तासन्‌तास रडत असे. मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी घेतलेले, चेहरा लालबुंद. खांद्यावर घेऊन फेऱ्या मारल्या की जरा थांबे आणि मी खाली बसले की माझ्या गुडघ्यांना बाक येताच त्याला कळे. आता तो शाळेत जातो, एका जागी बसत नाही आणि मनाविरुद्ध झाले की हात उगारतो. धाकटी मात्र पहिल्यापासून शांत. नातेवाईकांचे म्हणणे असे की ‘त्याला तेव्हा फार उचलून घेतलेत, म्हणून हे’. सावकाश म्हणतात त्याप्रमाणे त्याची हृदयाची तपासणी तेव्हा झाली असती, तर काही आधी कळले असते का? आणि धाकटीबद्दल आम्ही निश्चिंत राहावे का?

रात्रपाळी

ऐलपैल, मी नवजात शिशुकक्षात परिचारिका आहे, म्हणून लिहिते. श्वासाबरोबरचा हेलकावा हे संशोधनाचे साधन आहे. एका बाळाचा आकडा पाहून ‘हे पुढे असे वागेल’ असे सांगणारी कोणतीही तपासणी आमच्याकडे नाही, आणि कुणी ती देऊ केली तर नम्रपणे नकार द्यावा. तेव्हा कळले असते, ही रुखरुख मनातून काढून टाका.

निरोगी बाळांचे रडणे जन्मानंतर वाढत जाते, साधारण सहाव्या आठवड्यात शिखर गाठते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत बरेच ओसरते. संध्याकाळी ते जास्त असते. दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीनहून अधिक दिवस आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ, ही वेसेल यांनी १९५४ साली दिलेली कोलिकची, म्हणजे निरोगी बाळाच्या कारण न सापडणाऱ्या अतिरडण्याची, कसोटी अजूनही वापरात आहे. या वयातच ओसरून गेलेल्या रडण्याबद्दल फार काळजी करण्याचे कारण सहसा नसते. ते तिथे न थांबता पुढच्या महिन्यांतही टिकले, त्याच्या जोडीला झोप आणि दूध पिणे या दोन्हींतही अडचण असली, तर मात्र लक्ष द्यावे. वजन न वाढणे, वारंवार ओकणे, शौचात रक्त, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून अधिक ताप, किंवा नेहमीपेक्षा वेगळे, चिरके रडणे असेल तर ‘कोलिक असेल’ म्हणत घरी थांबू नये. उचलून घेतल्याने तान्हे बाळ बिघडते, याला आधार नाही. रडणे असह्य होऊन आपलाच तोल जाईल असे वाटले, तर बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून काही मिनिटे दुसऱ्या खोलीत जाणे योग्य. बाळाला कधीही गदागदा हलवू नये.

आता शांत बाळाबद्दल. धाकटीविषयी विशेष काळजीचे कारण तुमच्या लिहिण्यात दिसत नाही, पण एरवी या प्रश्नाकडे कुणी पाहत नाही. बेट्सी लोझॉफ यांनी कोस्टा रिकामध्ये लोहाची कमतरता असलेल्या बाळांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. तान्हेपणी तीव्र आणि दीर्घ कमतरता असलेल्या बाळांना त्याच वेळी लोह देऊन रक्त सुधारले, तरी ११ ते १४ वर्षांच्या वयात त्या मुलांत चिंता, उदासी, लक्ष न लागणे आणि मिसळण्यातल्या अडचणी इतरांपेक्षा अधिक होत्या. २००० साली हे प्रसिद्ध झाले. लोह केवळ रक्तासाठी लागत नाही. मज्जातंतूंवरचे आवरण तयार होण्यासाठी आणि मेंदूतल्या डोपामीनसारख्या रसायनांच्या कामासाठीही ते लागते, आणि मेंदू झपाट्याने वाढत असतो तेव्हाच ते कमी पडलेले असते. अशी बाळे फार रडतात असे नाही. ती आईला चिकटून राहतात, नव्या वस्तूकडे कमी झेपावतात, कमी हसतात. मग मोठेही त्यांच्याशी कमी बोलतात, कमी खेळतात, कारण प्रतिसादच येत नाही. म्हणजे शरीरातली एक उणीव भोवतालचे वागणे बदलते आणि ते बदललेले वागणे पुन्हा बाळावर परिणाम करते. मला तर हे उदाहरण हृदयाच्या हेलकाव्यापेक्षाही जास्त उद्बोधक वाटते, कारण इथे काहीतरी करता येते. जन्मानंतर नाळ किमान एक मिनिट थांबून कापावी ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि बाळाच्या लोहाचा साठा त्याने वाढतो. स्वीडनमधल्या एका चाचणीत नाळ उशिरा कापलेल्या मुलांचे चौथ्या वर्षी हाताच्या बारीक हालचालींचे आणि सामाजिक वर्तनाचे काही गुणांक सरस आढळले.

अठ्ठाविसावा आठवडा

माझ्या आयडीवरून विषय कळलाच असेल. मुदतपूर्व बाळांबद्दल या धाग्यात आले नाही, म्हणून भर घालतो.

गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत व्हेगसच्या तंतूंवरचे आवरण वेगाने तयार होत असते. बाळ त्याआधीच बाहेर आले, तर ते काम काचपेटीत, दिव्यांत, यंत्रांच्या आवाजात आणि टाचेतून वारंवार रक्त घेतले जात असताना पुरे व्हावे लागते. कॅनडात रूथ ग्रुनाऊ आणि सहकाऱ्यांनी अशा वेदनादायक प्रक्रियांची मोजदाद ठेवली आणि त्यांची संख्या जास्त असलेल्या बाळांत पुढे कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी वेगळी आणि आतल्या आत कुढण्याचे, बुजण्याचे वर्तन अधिक असल्याचे दाखवले. आजारी बाळाला प्रक्रिया जास्त लागतात, त्यामुळे आजाराचा भाग वेगळा काढणे कठीण असते. त्यांनी तो हिशेबात घेण्याचा प्रयत्न केला आहे.

यावर हाती असलेला सर्वांत साधा उपाय म्हणजे बाळाला आईवडिलांच्या उघड्या छातीशी धरून ठेवणे. काचपेट्या अपुऱ्या पडतात म्हणून एडगार रे यांनी कोलंबियात बोगोटा इथे १९७८ मध्ये ही कांगारू पद्धत सुरू केली. रूथ फेल्डमन आणि सहकाऱ्यांनी ७३ कांगारू बाळांची तेवढ्याच इतर मुदतपूर्व बाळांशी तुलना करून त्यांचा दहाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. २०१४ च्या त्यांच्या लेखानुसार कांगारू गटात हृदयाचा हेलकावा, ताणाला मिळणारा प्रतिसाद आणि झोप हे सारे अधिक सुव्यवस्थित होते. बोगोटातल्या मूळ चाचणीतल्या मुलांना वीस वर्षांनी पुन्हा गाठले, तेव्हा कांगारू गटातल्या तरुणांत अतिचंचलता आणि आक्रमकता कमी आढळली.

आमच्या बाबतीत बोलायचे, तर मी शर्टाची बटणे उघडून खुर्चीत बसे, परिचारिका नळ्या सांभाळत बाळाला छातीवर ठेवी, आणि पडद्यावरचा हृदयगतीचा आकडा हळूहळू उतरत जाई. त्याचा दहा वर्षांनंतर काय उपयोग होईल हे त्या क्षणी मनातही नव्हते.

सावकाश

सर्वांचे प्रतिसाद मोलाचे आहेत. उलटतपासणी यांचे आकड्यांचे स्पष्टीकरण मला पूर्ण मान्य आहे, आणि त्यातूनच माझा मूळ मुद्दा पुढे नेतो. सरासरीचा संबंध क्षीण दिसतो, तो कदाचित दोन प्रकारची बाळे एकत्र मिसळल्यामुळे. जेय बेल्स्की, तसेच थॉमस बॉइस आणि ब्रूस एलिस यांची मांडणी अशी की काही बाळांचे शरीर परिस्थितीला अधिक संवेदनशील असते. खडतर घरात ती इतरांपेक्षा जास्त विस्कटतात, पण आधार देणाऱ्या घरात इतरांपेक्षा जास्त बहरतात. हे खरे असेल, तर घरची परिस्थिती न पाहता केवळ शरीराचे माप घेणाऱ्या अभ्यासात दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून काढणारच.

याची कसोटी प्रयोगानेच लागू शकते. नेदरलँड्समध्ये डायमफ्ना व्हान डेन बूम यांनी नवजात तपासणीतच चिडचिडी ठरलेली, आर्थिकदृष्ट्या दुर्बळ घरांतली १०० बाळे निवडली. त्यातल्या निम्म्या आयांना बाळ सहा ते नऊ महिन्यांचे असताना घरी जाऊन मोजक्या भेटींत एवढेच शिकवले की बाळाचा इशारा ओळखायचा, त्याचा अर्थ लावायचा आणि त्याला साजेसा प्रतिसाद द्यायचा. वर्षाच्या अखेरीस या गटातल्या बाळांचे आईशी नाते सुरक्षित असण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाहून कितीतरी अधिक होते. निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. बाळांचा जन्मजात चिडचिडेपणा दोन्ही गटांत सारखाच होता.

दुसरा प्रयोग रुमानियातला. बुखारेस्टमधल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी निम्म्यांना सोडत पद्धतीने मूल सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबांत ठेवण्यात आले. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना ताणाची कामे दिली तेव्हा संस्थेतच राहिलेल्या मुलांचे शरीर फारसे पेटलेच नाही: कॉर्टिसॉल वाढले नाही, हृदयाचा प्रतिसादही बोथट होता. साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांचा प्रतिसाद मात्र घरी वाढलेल्या मुलांच्या जवळ जाणारा होता. सतत ताण म्हणजे सतत चढलेले कॉर्टिसॉल, ही आपली कल्पना इथे पार उलटते.

उलटतपासणी

व्हान डेन बूम यांच्या अभ्यासाबद्दल सहमत. यदृच्छया केलेली विभागणी असल्याने आईची अवस्था, जनुके वगैरे माझे आक्षेप तिथे लागू होत नाहीत. रुमानियाच्या बाबतीत एवढेच नोंदवतो की दोन वर्षांची रेषा ही सरासरीवरून काढलेली आहे. ती ओलांडली की दार बंद, असे त्या संशोधकांचेही म्हणणे नाही.

रात्रपाळी

ऐलपैल, मोठ्याबद्दल राहिलेच. त्याच्या तान्हेपणाचा इतिहास डॉक्टरांना जरूर सांगा, पण आजच्या तक्रारीचे मूळ आज शोधावे. तो किती आणि कसा झोपतो, घोरतो का, ऐकू नीट येते का, हिमोग्लोबिन आणि लोह कसे आहे, शाळेतही असेच वागतो की घरीच, हे आधी पाहिले जाते. हात उगारण्याबद्दल या वयात सर्वाधिक आधार पालक-प्रशिक्षणाला आहे आणि औषधाचा विचार त्यानंतर येतो. शिक्षकांना लेखी निरीक्षण मागा. घरच्या आणि शाळेच्या वर्णनातला फरक डॉक्टरांना फार उपयोगी पडतो.

ऐलपैल

मनापासून आभार. शिक्षकांना उद्याच विचारते. एक शेवटची शंका: बाळाच्या पायात घालायचे मोजे मिळतात, त्यांतून नाडीचा आकडा फोनवर दिसतो. माझ्या बहिणीने आपल्या बाळासाठी ते घेतले आहेत आणि ती दिवसभर तो आकडा पाहत असते. त्यातून या धाग्यातले काही कळते का?

उलटतपासणी

नाही. श्वासाबरोबरचा हेलकावा मोजायला लागोपाठच्या दोन ठोक्यांमधले अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपावे लागते आणि बाळ त्या वेळी जागे, शांत आणि बऱ्यापैकी स्थिर असावे लागते. फोनवर दिसतो तो काही सेकंदांची सरासरी काढलेला आकडा. त्यात हा हेलकावा आधीच पुसला गेलेला असतो. झोपेतल्या आकस्मिक मृत्यूपासून बचाव म्हणून अशी घरगुती यंत्रे वापरू नयेत, असे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही सांगितले आहे. बहिणीच्या बाळाला मुदतपूर्व जन्म किंवा हृदयाचा त्रास अशा कारणाने डॉक्टरांनी यंत्र दिले असेल तर गोष्ट वेगळी. एरवी मोजे काढून ठेवले तरी चालतील.